मोबाईलइतकंच उन्हापासूनही डोळे जपा

ताई, सतत मोबाईल बघून डोळे शिणतात, त्यांना अधूनमधून विसावा द्या, हे तुम्ही लिहिलंत ते पटलं. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे बघायची सवय मीही लावून घेतलीय. पण आमच्या किनाऱ्यावरच्या उन्हाचं काय? माझे काका हर्णैला, आयुष्यभर होडीवर. डोक्याला टॉवेल, डोळे उघडे. पाण्यावरून उलटून येणारी तिरीप खालून लागते, तिला टॉवेल काय अडवणार! पन्नाशीत उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं गुलाबी, बारीक शिरांचा पापुद्रा बुबुळावर सरकू लागला. आम्ही मोतीबिंदू समजलो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आत भिंगात होतो. हे टेरिजियम, वरून वाढतं, आणि ऊन, वारा, धूळ त्याला खतपाणी घालतात.

म्हणून गॉगल घ्याच, पण नुसता काळा नको, 'यूव्ही 400' (म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा) लिहिलेला बघून घ्या. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते उलट जास्तच आत जातात. सोबत रुंद काठाची टोपी. खारं पाणी उडालं तर डोळा चोळू नका, स्वच्छ गोड्या पाण्यानं धुवा. काकांना हे रोज सांगते मी.