मदत हवी आहे: भरपूर बर्फ पडल्यावर सेंट्रल पार्कात आई-बाबांना कसं फिरवायचं?

टिळकवाडीकर:
आई-बाबा (६७ आणि ७१) जानेवारीत ताईकडे न्यूयॉर्कला निघालेत. आईला बर्फातली बाग बघायचीच आहे, पण तिचे गुडघे दुखतात. बाबा इथं बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज पाच फेऱ्या मारतात, तिथंही कॅनव्हासचे बूट घालून सुटतील अशी धास्ती आहे. बूट कसले घ्यायचे? कुठल्या बाजूला जाऊ नये?

निपाणीची लेक:
दादा, कॅनव्हास अजिबात नको. घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे, खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूट हवेत, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. आत लोकरीचा एकच मोजा. दोन सुती मोजे कोंबले की पाय आवळतो, घाम मुरतो आणि बोटं गार पडतात. बुटावर चढवायचे रबरी पट्टे मिळतात, खाली पोलादी टोकं असतात, ते घ्याच. मात्र फरशीवर आणि मेट्रोच्या जिन्यावर ते काढायचे, तिथं तेच घसरवतात.

बर्फ थांबून रस्ते साफ झाले की लगेच जा, अकरा ते दोनच्या दरम्यान. ताज्या भुसभुशीत बर्फात पाय रुततो, धरतो. खरा धोका नंतरच्या सकाळी. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि डांबरावर काचेसारखा थर बसतो, तो दिसतच नाही. मीठ टाकतात, पण उणे ९ अंशांच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. वाट चकाकली की कडेच्या बर्फातून चाला. पावलं छोटी, हात खिशाबाहेर.

आणखी एक जागा म्हणजे रस्ता ओलांडायचा कोपरा. तिथला चिखलबर्फ वरून कोब्यासारखा राखाडी आणि घट्ट दिसतो, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत.

वाट सांगते. फिफ्थ अव्हेन्यूवरून ७२व्या रस्त्यानं आत शिरा. बाग ४ किलोमीटर लांब असली तरी रुंदी जेमतेम ८०० मीटर, त्यामुळं आईंना झेपेल. बेथेस्डा टेरेस, म्हणजे कारंज्याजवळची दगडी गच्ची, वरूनच बघा, जिना उतरू नका. तिथून दक्षिणेला द मॉल नावाची पायवाट, सपाट आणि रुंद, दोन्ही बाजूंना एल्मची झाडं. काळ्या फांद्यांवर पांढरी रेघ बसते, ते बघायलाच जायचं. फक्त ओला बर्फ आणि वारा असेल तर झाडाखाली फोटोला थांबू नका, फांद्या मोडतात. रॅम्बल हा दाट झाडीचा भाग टाळा, तिथं वळणं आणि पायऱ्या फार. तळ्यावर बर्फ साचला की मैदानच वाटतं, तिकडं पाऊल नको.

खानापूरकर:
वाट चुकली तर दिव्याचा खांब बघायचा. त्यावर चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे जवळचा रस्ता, शेवटचा आकडा सम असेल तर पूर्व बाजू, विषम तर पश्चिम. ७२नं सुरू होऊन सम आकड्यानं संपला की आलात त्याच फाटकाच्या बाजूला आहात.
मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. फोटोत बर्फ करडा येतो, म्हणून उजेड थोडा वाढवून काढा.

टिळकवाडीकर:
आभार, ताई. आईची नेहमीची काठी चालेल का?

निपाणीची लेक:
रबरी टोकाची बर्फावर घसरते. टोकाला बसवायचा उघडझाप खिळा मिळतो, तो लावा आणि दारात शिरताना वर उचला.