फॉरमॅटर चालवल्यावर ब्लेम बिघडतो त्याबद्दल
फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन) चालवला की गिट ब्लेममध्ये, म्हणजे कोडची कुठली ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या कमांडमध्ये, प्रत्येक ओळीवर तो चालवणाऱ्याचंच नाव येतं, म्हणून जुन्या कोडला हात लावत नाही, असं काही जण म्हणतात. ती भीती आता नको. गिट २.२३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, ब्लेमला ठरावीक कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) वगळायला सांगता येतात. त्यांचे पूर्ण हॅश (प्रत्येक कमिटची ओळख सांगणारा लांब कोड) एका फाइलमध्ये, एका ओळीवर एक, लिहायचे. वरच्या ओळीत # देऊन कारणही लिहा, पुढच्या माणसाला फार उपयोगी पडतं. कोड ठेवायची साइट गिटहबही २०२२ पासून ही फाइल वाचतं. आपल्या मशीनवर मात्र प्रत्येकाला कॉन्फिगमध्ये तिचं नाव एकदा द्यावं लागतं, आणि तेच टीममध्ये राहून जातं. हॅश मर्ज झाल्यावरच, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळल्यावरच, लिहा. स्क्वॉश केलं, म्हणजे अनेक कमिटचा एकच केला, तर हॅश बदलतो.