दीडशे सीसीची स्कूटर: गरज की हौस?

घाटवाट:
काल 'पेठकर' यांनी येथे लिहिले की १५०-१६० सीसीची स्कूटर घेणे ही निव्वळ उधळपट्टी आहे, शहरात ११० सीसी पुरते आणि लांब जायचे असेल तर मोटरसायकलच हवी. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, पण 'स्कूटरवरून कोकणात जाणाऱ्यांना गाडीतले काही कळत नाही' हे वाक्य मला लागले. मी तीन वर्षे यामाहाची एरॉक्स १५५ स्कूटर चालवतो. रोज कात्रज ते हिंजवडी, आणि वर्षातून तीन-चार वेळा ताम्हिणीमार्गे दिवेआगर. खरा फरक चाकात आहे. पावसाळा संपल्यावर मुळशीच्या पुढे डांबराची कड तुटलेली असते. समोरून एसटी आली की डावीकडे मातीत उतरावेच लागते, आणि परत वर चढताना १० इंची चाक त्या कडेला घासत राहते, चढत नाही. माझ्या जुन्या स्कूटरवरून आम्ही दोघे असेच पडलो आणि पत्नीच्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होते. १४ इंची चाक तीच कड सहज चढून जाते. ही हौस आहे असे मला कोणी सांगू नये.

पेठकर:
वहिनींच्या दुखापतीबद्दल वाईट वाटले, पण त्यावरून सिद्धान्त मांडू नये. आपल्या गाडीची टाकी साडेपाच लिटरची आहे, म्हणजे दीडशे किलोमीटर झाले की पंपाची चिंता सुरू होते. याला टूरिंग म्हणायचे का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी, समृद्धीवरही बंदी, मग १५ अश्वशक्ती वापरणार कुठे? आणि उताराचे काय? वरंधा घाट उतरताना मित्राच्या स्कूटरच्या मागच्या ड्रम ब्रेकचा जळका वास मला मागे बसून येत होता. मोटरसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडी धरून ठेवते.

घाटवाट:
ती ताकद पळण्यासाठी नाही. मागे माणूस आणि सामान असताना चढावर ट्रकच्या पुढे लवकर निघता यावे, यासाठी आहे. उतारावर वेग फारच कमी होऊ दिला की स्कूटरचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. थोडा वेग ठेवून थ्रॉटल मिटला तर इंजिन बऱ्यापैकी धरते, मोटरसायकलइतके नाही, हे खरे. टाकी लहान आहे हे मात्र मान्य करावेच लागेल.

नीरा:
आपण दोघे चाक आणि टाकी यांवर भांडत आहात, पण या गाड्यांच्या मधोमध, सीट आणि हँडल यांच्यामध्ये, सपाट फूटबोर्डऐवजी जो उंच कणा आहे त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी शिक्षिका आहे, आठवड्यातून दोन दिवस साडी नेसून शाळेत जाते. चालकाच्या जागी बसण्यासाठी त्या कण्यावरून पाय टाकावा लागतो, तो मी कसा टाकायचा? शोरूममध्ये हे विचारले तर विक्रेता म्हणाला, "मॅडम, लेडीजसाठी आपल्याकडे १२५ आहे ना!" म्हणजे सुरक्षित चाक पुरुषांना आणि सोय बायकांना, अशी वाटणी कोणी केली?

पेठकर:
नीराताई, आपण माझ्या मनातले बोललात. कायनेटिक होंडाच्या फूटबोर्डवर आमच्या घरी सिलिंडर आला, दिवाळीचा किराणा आला, आंब्याच्या पेट्या आल्या. ज्या स्कूटरवर पिशवीभर भाजी पायाशी ठेवता येत नाही तिला मी स्कूटर म्हणणार नाही.

यंत्रनिष्ठ:
जरा थांबा. तो कणा शोभेचा नाही. एरॉक्सची टाकी तेथेच आहे, म्हणून पेट्रोल भरताना सीट उघडावी लागत नाही आणि सीटखाली साडेचोवीस लिटर जागा मिळते. वळणावर गाडी स्थिर राहते तीही त्यामुळेच. सिलिंडर आणायचा असेल तर टेम्पो बोलवावा.

नीरा:
आपण भरलेला सिलिंडर कधी स्वतः उचलला आहे का? मग हे एवढ्या सहज लिहू नये. इटलीच्या शहरांत होंडाची एसएच मालिका वर्षानुवर्षे धावते आहे. १६ इंची चाके आणि खाली सपाट फूटबोर्ड, अगदी साडेतीनशे सीसीपर्यंत. मोठे चाक आणि सपाट फूटबोर्ड एकत्र येत नाहीत, हे आम्हाला पटवू नका.

यंत्रनिष्ठ:
एसएचचे उदाहरण मान्य आहे, ते माझ्या लक्षात आले नव्हते. माझे टेम्पोचे वाक्यही मागे घेतो. पण सुटे भाग मिळण्याचे बोला! माझ्या स्कूटरचा बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा पट्टा, एका अधिकृत सेवा केंद्राने १९ दिवस मागवलाच नाही, आणि तोवर मी दोन बस बदलून कामावर गेलो. बेल्ट महाडला तुटला असता तर?

घाटवाट:
म्हणूनच मी लांब निघण्यापूर्वी बेल्ट तपासून घेतो आणि एक नवा सीटखाली ठेवतो. पण मूळ प्रश्न चाकाचा होता, त्यावर कोणी उत्तर दिले नाही.

पेठकर:
देतो. चाकाचा मुद्दा बरोबर आहे आणि 'काही कळत नाही' हे मी लिहायला नको होते. तरीही माझे मत बदललेले नाही: सात लिटरची टाकी हिरोच्या झूम १६० मध्ये आली, आता तेवढी टाकी, १४ इंची चाके आणि सपाट फूटबोर्ड हे सगळे एकाच स्कूटरमध्ये कोणीतरी द्यावे, मग मी पैसे मोजीन.

नीरा:
तोवर मी ११० वरच शाळेत जाईन, आणि ताम्हिणीला एसटीने.