कॅथलिक हायस्कूल प्रो-लाइफ (गर्भपातविरोधी), मग गरोदर विद्यार्थिनीचं काय? (अमेरिका)

न्यूजर्सी_पालक:
इथल्या कॅथलिक हायस्कुलांची हँडबुकं चाळतोय. मुलं कॅथलिकच हवीत अशी अट बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे आपल्या लोकांचीही असतात. जी शाळा जानेवारीत वॉशिंग्टनच्या ‘मार्च फॉर लाइफ’ या गर्भपातविरोधी मोर्चाला बस भरून पोरं नेते, तिच्याच हँडबुकात ‘कॅथलिक नीतीला सोडून वर्तन केल्यास नाव कमी करता येईल’ असं मोघम कलम आहे. गरोदरपणाचा उल्लेखच नाही. एखादी मुलगी गरोदर राहिली तर नेमकं होतं काय? टायटल नाइन, म्हणजे शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा फेडरल कायदा, लागू पडतो का? प्रवेशाआधी काय विचारून ठेवावं?

कागद_आधी:
टायटल नाइन 1972 चा. त्याच्या नियमांत गरोदरपण, बाळंतपण आणि गर्भपात, तिन्हींवरून भेदभावाला मनाई आहे. डॉक्टर सांगतील तितकी रजा द्यायची, परत आल्यावर पूर्वीचीच जागा द्यायची. बाकी दुखण्यांसाठी इतर मुलांकडून दाखला मागत नसाल तर हिच्याकडूनही मागायचा नाही. 2024 मध्ये यात बरीच भर घातली होती, ती जानेवारी 2025 ला केंटकीतल्या फेडरल कोर्टाने रद्द केली. जुने नियम शाबूत आहेत.

पण आधी दोन चाळण्या लागतात. शाळा फेडरल पैसा घेते का, ही पहिली; घेत नसेल तर हा कायदा लागूच होत नाही. नुसती करमाफी म्हणजे फेडरल मदत नव्हे असं चौथ्या सर्किटने (त्या विभागाच्या फेडरल अपील कोर्टाने) मार्च 2024 मध्ये ठरवलं. न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटात, तिथे तो निकाल बंधनकारक नाही, पण वकील दाखवणार तोच. दुसरी चाळणी धार्मिक सवलतीची: शाळा धर्मसंस्थेच्या ताब्यात असेल, तर नियम जिथे धर्मतत्त्वाच्या आड येतो तेवढ्यापुरती सूट. गर्भपाताचं कलम कॅथलिक शाळेला पटणार नाही हे उघड आहे. गरोदर मुलीला बाकावर बसू देणं मात्र कुठल्या तत्त्वाच्या आड येतं? मग शाळेला ‘लग्नाबाहेरचे संबंध’ हे कारण पुढे करावं लागतं, आणि ते केलं की मुलाला काय शिक्षा दिली हे विचारता येतं.

राज्याचा भेदभावविरोधी कायदा इथे फारसा उपयोगी नाही, धार्मिक संस्थेने चालवलेल्या शाळा त्यातून वगळल्या आहेत. उरतो करार, म्हणजे तुम्ही न वाचता सही करता ते हँडबुक.

वसईचा_किनारा:
ख्रिस्तसभेच्या शिकवणीपुरतं बोलतो. अशा वेळी शाळा हमखास ‘स्कँडल’ हा शब्द काढतात. आपण त्याचा अर्थ बोभाटा, अब्रू असा घेतो. कॅटेकिझमच्या (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाच्या) 2284 व्या परिच्छेदात अर्थ वेगळा आहे: दुसऱ्याला वाईटाकडे नेणारं वागणं. लग्नाबाहेरचा संबंध हे पाप (2353), गर्भपात गंभीर पाप (2271). पोटात मूल असणं हे पाप कुठेच नाही. शाळेला दिसतं मात्र पोटच. जिने गुपचूप गर्भपात केला तिचं नाव हजेरीत तसंच राहतं, जिने मूल ठेवलं तिला शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. प्रो-लाइफ शाळेच्या नियमाने मुलीला नेमकं क्लिनिककडे ढकलावं, यापेक्षा उलटं काय असणार?

आणखी एक. गर्भपाताबद्दलची आपोआप होणारी बहिष्काराची शिक्षा अठराच्या आतल्या मुलीला लागतच नाही (चर्चच्या कायद्याचं, म्हणजे कॅनन लॉचं, कलम 1324). सोळा पूर्ण नसतील तर कुठलीच नाही (1323). कॅनन लॉ काही हँडबुकांपेक्षा मवाळ आहे, असं म्हणायची पाळी येते.

आडवा_प्रश्न:
एकतर्फी चाललंय. पालक फी भरतात ती याच शिकवणुकीसाठी. शाळेने काहीच केलं नाही तर ‘चालतं’ असा अर्थ निघतो. शिवाय मेरीलँडचं 2017 चं गाजलेलं प्रकरण, गरोदर मुलीला पदवीदानाला मनाई केलेलं, ती शाळा कॅथलिक नव्हतीच. सरसकट कॅथलिकांच्या माथी मारू नका.

कागद_आधी:
मेरीलँडचं बरोबर, शाळा प्रॉटेस्टंट वळणाची. पण त्या मुलीच्या बाजूने उभी राहिली ती ‘स्टुडंट्स फॉर लाइफ’, म्हणजे प्रो-लाइफ संघटनाच. अलाबामात मॉन्टगोमेरीची 2005 ची शाळा कॅथलिक होती. गरोदर मुलीला समारंभातून वगळलं, बाळाचा बाप त्याच वर्गातला, त्याला मंचावर बोलावलं. शेवटी मुलीने स्वतःच स्वतःचं नाव पुकारलं आणि मंच ओलांडला. शिकवण द्या की, पण दोघांना द्या.

समुपदेशन_खिडकी:
विचारायचं ते ईमेलने विचारा, तोंडी उत्तराला किंमत नाही. धर्मप्रांताच्या शिक्षण कार्यालयाचं गरोदर विद्यार्थिनींबद्दल लेखी धोरण आहे का, हा पहिला प्रश्न. काही ठिकाणी असतं, आणि हँडबुकात नसतं. मुख्याध्यापक बदलले की निर्णय बदलतो, तो अशाच ठिकाणी.

मग तारखांचं गणित. शेवटची पाळी 7 सप्टेंबर धरली तर 40 आठवडे 14 जूनला भरतात, म्हणजे ऐन पदवीदानाच्या सुमाराला. जानेवारीअखेर 20 आठवडे होतात, युनिफॉर्मच्या स्कर्टचं हुक लागेनासं होतं. इथेच ‘घरून अभ्यास कर’ हा सल्ला येतो. तो डॉक्टरचा आहे की शाळेचा, हे लिहून घ्या. डॉक्टरचा नसेल तर ती रजा नाही, हकालपट्टी आहे. घरून केलेल्या कामाचे क्रेडिट धरणार का, लॅबचे तास कसे भरणार, भरलेल्या फीचं काय, हेही त्याच ईमेलमध्ये.

शाळेच्या समुपदेशकाला मुलीने सांगितलं तर ते आधी कोणाकडे जातं, मुख्याध्यापकांकडे की पालकांकडे, हेही विचारा. मुली गप्प राहतात त्या याच भीतीने, आणि डॉक्टरची पहिली भेट लांबते.

टायटल नाइनची तक्रार करायची तर घटनेपासून 180 दिवसांत, फेडरल शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे. मार्चमध्ये काढलं आणि ‘समारंभ होऊ दे, मग बघू’ म्हणत बसलात, तर सप्टेंबरात मुदत संपलेली असते.