मदत हवी आहे : वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं, अंतराशिवाय काहीच दिसत नाही

रेतीकाठ : किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर झुडपांचे समूह कशाने ठरतात, यावर प्रबंध लिहितेय. पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब, सगळं मोजलं. सीसीएमध्ये (समूह आणि घटकांचा संबंध आलेखात दाखवणारी पद्धत; बाण लांब तितका संबंध मोठा) फक्त समुद्रापासूनचं अंतर उठून दिसतं, क्षारतेचा बाण इवलासा. सर म्हणतात, अंतर हे कारण नव्हे. सादरीकरण तोंडावर आलंय. लवकर सांगा!

वालुका : झुडपं नोंदवायची चौकट केवढी? माती कधी, किती खोलीवरून घेतली? झुडपाखालून की उघड्यावरून?

आकडेमोड : सीसीए सोडा, एनएमडीएस करा, तीही समूहांतलं साम्य-फरक आलेखावर मांडणारी पद्धत. मी तेच वापरलं, चित्र लगेच स्पष्ट झालं.

वालुका : जे मोजलंच नाही ते कुठल्याही आलेखात येणार नाही. आधी माहिती तर येऊ द्या.

हिरवाई : वाळू थोपवायला सुरूची झाडं लावा, वेगाने वाढतात.

वालुका : लागवडीचं कोणी विचारलेलं नाही. आणि सुरूच्या पाचोळ्याच्या जाड थराखाली इतर झुडपं सहसा तग धरत नाहीत.

हिरवाई : पण वारा अडतो ना! बाकी, मर्यादवेल, ती वाळूवर पसरणारी वेल, कुंडीत जगते का?

रेतीकाठ : अहो, माझा प्रश्न! चौकट ५×५ मीटर. माती पावसाळ्यानंतर, वरचे १५ सेंमी, झुडपाखालूनच.

वालुका : गाठ इथेच आहे. पाऊस वाळूतलं मीठ धुऊन नेतो, म्हणून मातीची क्षारता कमीच येणार. झुडपांना मारतात ते वाऱ्यावरचे खारे तुषार. वाळूच्या टेकड्यांवरच्या वनस्पतींबाबत ऑस्टिंग आणि बिलिंग्ज या संशोधकांनी १९४२मध्येच तुषारांचा परिणाम मांडला होता. शिवाय कर्ब झुडपाच्याच पाचोळ्यातून आलेला, तो कारण की परिणाम हे कसं ठरवणार? उघड्या वाळूचे नमुने हवेतच. वाऱ्याने येऊन साचणाऱ्या वाळूची भरही मोजायची राहिली. मर्यादवेल गाडली गेली तरी वर येते, बऱ्याच झुडपांना ते जमत नाही.

आकडेमोड : तुषार, भर, वारा, सगळं अंतरासोबतच बदलतं. व्हीआयएफ, म्हणजे घटक एकमेकांत किती गुंतलेत ते सांगणारा आकडा, पाहिलात का? मोजूनही ते वेगळं करता येणार नाही.

वालुका : येईल, जागा नीट निवडली तर.

रेतीकाठ : एवढ्या दिवसांत तुषार कसे मोजू?

वालुका : तुषार थेट मोजणं राहू द्या. समुद्रापासून सारख्याच अंतरावरचे उघडे माथे आणि आडोशाचे उतार घ्या, म्हणजे अंतर तेच, तुषार कमी-जास्त. प्रत्येक झुडपाच्या समुद्राकडच्या आणि जमिनीकडच्या बाजूची तुषारांनी जळलेली टोकं मोजा. एका फेरीत होईल.