मदत हवी आहे: पी४एस१० मधला टोकाचा बंध दुहेरी की एकेरी?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारसाठी फॉस्फरस सल्फाइडं (फॉस्फरस म्हणजे पी आणि गंधक म्हणजे एस यांची संयुगं) वाचतोय. पी४एस३ जमलं: लाल फॉस्फरस आणि गंधक हवा लागू न देता तापवायचं; पिंजऱ्यात तीन पी-पी, सहा पी-एस बंध, सगळे एकेरी. (कुठेही घासून पेटणाऱ्या काडीच्या गुलात हेच असतं म्हणे!)

गाडी अडलीय पी४एस१० वर. सहा गंधक पुलावर (दोन फॉस्फरसना जोडणारे), चार टोकाला (एकाच फॉस्फरसला लागलेले). पुलाचा बंध सुमारे २.१ अँगस्ट्रॉम लांब, टोकाचा १.९. आमचे सर टोकाला दोन रेघा मारतात आणि फॉस्फरसच्या डी-ऑर्बिटलकडे (इलेक्ट्रॉनसाठीच्या रिकाम्या जागांकडे) बोट दाखवतात. नव्या पुस्तकात मात्र एकच रेघ, पी वर धन भार, एस वर ऋण. मग बंध आखूड कशामुळे? नुसत्या विद्युत आकर्षणाने, की गंधकाच्या लोन पेअर (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) शेजारच्या सिग्मा-स्टारमध्ये (शेजारच्या एकेरी बंधाच्या रिकाम्या प्रतिबंधी ऑर्बिटलमध्ये) झुकतात म्हणून? गुरुवारी बोलायचंय, कुणी समजावेल का?