'लिव्हिंग ट्रस्ट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

गेल्या रविवारी सदाशिव पेठेत मामाकडे गेलो होतो तिथे हा शब्द निघाला. मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने आणि बायकोने तिकडे लिव्हिंग ट्रस्ट केलाय आणि आता मागे लागलाय की बाबा तुम्ही पण करा. मामाला इंग्रजी कागद वाचायचा कंटाळा, म्हणून मामेभावाने फोनवरून भाषांतर करून पाठवलं, त्यात चक्क 'जिवंत ट्रस्ट' आणि 'जिवंत विश्वास' असं आलेलं. मामी म्हणाली, हे ते व्हेंटिलेटर लावू नका असं लिहून द्यायचं असतं तेच ना? ते नव्हे. ते लिव्हिंग विल, २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मान्य झालेलं, त्यात उपचारांबद्दलची इच्छा असते, मालमत्तेशी काही संबंध नाही. पण गोंधळ मामीचा नाहीये, शब्दाचा आहे. म्हणून इथे विचारतोय आणि मला काय वाटतं तेही लिहितो.

यातलं 'लिव्हिंग' ट्रस्टला लागत नाही, करणाऱ्याला लागतं. जुन्या लॅटिन संज्ञेचा अर्थच 'जिवंत माणसांमधला' असा आहे. म्हणजे माणूस हयात असतानाच घर, शेअर्स, ठेवी ट्रस्टच्या नावावर करतो, तिकडे बहुतेक वेळा स्वतःच पहिला ट्रस्टी होतो, आणि तो गेल्यावर किंवा त्याला भान राहिलं नाही की आधीच नेमून ठेवलेला पुढचा विश्वस्त कारभार हातात घेतो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर जागं होतं, हा त्याच्या आधीपासून जागा असतो. सगळा फरक या एका गोष्टीत आहे, तो शब्दात यायलाच हवा.

आणि त्यासाठी आपल्याकडे 'हयात' हा किती सुंदर शब्द आहे! मामा दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो, त्याला हा शब्द कुणी समजावून सांगायला नको. मी 'हयातीतला न्यास' म्हटलं, मामा लगेच म्हणाला, म्हणजे मी आहे तोवरच सुरू होणारा. जमलं ना मग.

आता 'न्यास'. पुण्यात ट्रस्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर देवस्थान, गणपती मंडळ नाहीतर शाळा येते. ते सार्वजनिक न्यास, त्यांना १९५० चा कायदा लागतो आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते. घरच्यांसाठीचा खाजगी न्यास १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमात येतो, त्याला धर्मादायची पायरी चढावी लागत नाही. हे सांगितल्यावर मामाचा अर्धा विरोध गेला, त्याला वाटत होतं घर दान करायला सांगतायत. न्यास म्हणजे मुळात खाली ठेवणं, स्वाधीन करणं, ठेव. पूजेतला अंगन्यास आणि संन्याससुद्धा याच धातूचे. हातातलं खाली ठेवायचं, पण कुणाच्या तरी भरवशावर, हा अर्थ मला फार आवडतो.

प्रतिसाद: 'हयातीतला' पटलं. पण तिकडे दोन प्रकार असतात ना, रिव्होकेबल आणि इर्रिव्होकेबल, त्याचं काय? कायद्याच्या भाषेतलं 'प्रतिसंहरणीय' वाचून माझी आई तर फाईलच बंद करेल.

माझं उत्तर: हो, तो शब्द घरात चालणारच नाही. मला 'मोडता येणारा' सुचतं. आपण एफडी मोडतो ना, आणि न्यास म्हणजे ठेवच, मग मोडता येणारा न्यास आणि न मोडता येणारा न्यास. आपल्या कायद्यात मृत्युपत्राशिवाय केलेला न्यास मोडायचा अधिकार करणाऱ्याला हवा असेल तर तो कागदात स्पष्ट राखून ठेवावा लागतो, नाहीतर साधारणपणे सगळ्या लाभार्थींची संमती लागते. आणि मोडता येणारा असेल तर त्याचं उत्पन्न करणाऱ्याच्याच नावे धरून कर लागतो, इकडेही आणि तिकडेही.

प्रतिसाद: 'मोडणे' वापरताना जपून. विश्वस्ताने गैरवापर केला तर त्याला न्यासभंग म्हणतात, वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटेल. मी 'मागे घेता येणारा' म्हणेन.

माझं उत्तर: बरोबर आहे तुमचं. कागदावर 'मागे घेता येणारा' आणि बोलताना 'मोडता येणारा' असं करू. लाभार्थीचीही तीच गत, आमच्या मामीला तो शब्द ऐकून सरकारी योजनाच आठवली. तिथे मी 'ज्यांच्यासाठी न्यास आहे ते' असं आधी एकदा सरळ लिहितो, मग लाभार्थी.

प्रतिसाद: आणि फंडिंगला? 'निधी पुरवणे' वाचलं मी एका ठिकाणी, ते साफ चूक आहे.

माझं उत्तर: चूकच, आणि महागात पडणारी. फंडिंग द ट्रस्ट म्हणजे पैसे देणं नव्हे, मालमत्तेवर ट्रस्टचं नाव चढवणं. सातबाऱ्यावर नाव चढतं तसंच. मामेभावाने हेच सांगितलं, त्याने ट्रस्टचा जाडजूड कागद केला आणि घराचा डीड तसाच दोघांच्या नावावर राहिला, सहा महिन्यांनी लक्षात आलं. ज्या मालमत्तेवर नाव चढलं नाही ती ट्रस्टमध्ये नाहीच, मग तिच्यासाठी पुन्हा प्रोबेट, म्हणजे कोर्टातून मृत्युपत्र शाबीत करून घेणं, आणि तेच टाळायला तर लोक तिकडे हा खटाटोप करतात. इकडे पुण्यात मुंबईसारखी प्रोबेटची सक्ती नव्हतीच, त्यामुळे तिकडचं कारण जसंच्या तसं इकडे आणू नये असं मला मनापासून वाटतं. घर न्यासात घालायचं तर कागद नोंदवावाच लागतो, स्टॅम्प ड्युटी येते. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक.

प्रतिसाद: मग इकडे करायचाच कशाला?

माझं उत्तर: ज्यांचं मूल स्वतःचं स्वतः कधीच बघू शकणार नाही त्यांच्यासाठी. किंवा विस्मरणाची भीती असेल तर. कुलमुखत्यारपत्र करणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की संपतं, नेमकी गरज असते तेव्हाच. न्यास चालू राहतो. आणि न्यास म्हणजे भांडण नाहीच असंही नाही. पुण्याचे सरदार बाबा महाराज, त्यांनी १८९७ साली मृत्युपत्राने टिळकांना आणि इतरांना विश्वस्त नेमलं, पुढे त्यांच्या विधवा पत्नी ताई महाराज यांनी घ्यायच्या दत्तकावरून ताई महाराज प्रकरण पेटलं ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत जाऊन १९१५ ला मिटलं. ते सगळं मालक गेल्यावर सुरू झालं, त्यांना काय म्हणायचं होतं ते विचारायला तेच नव्हते. हयातीतल्या न्यासात निदान काही वर्षं विचारता येतं.

मामाने काल कापडी पिशवीतून इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून टेबलावर मांडलं. मामेबहिणीला लहानपणापासून आधाराची गरज आहे, तिच्यासाठी करायचं ठरतंय. वकिलांना द्यायच्या टिपणात वरती मी 'हयातीतला न्यास, मागे घेता येणारा' असं लिहिलंय. पुढच्या विश्वस्तासाठी 'उत्तराधिकारी' लिहिलं तर मामी म्हणाली, तो वारस वाटतो, घर त्यालाच मिळणार असं वाटेल. सध्या नुसतं 'नंतरचा विश्वस्त' ठेवलंय, याहून चांगला शब्द असेल तर गुरुवारच्या आत सांगा.